गोल न होण्याचं श्रेय

(कोल्हापुरातील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



पत्रिकेत विषय छापला आहे, ‘अंतोनियो लोपेझ हबास : खेळाडू आणि प्रशिक्षक’. संयोजकांना मी हा विषय कळवला तेव्हा ते म्हणाले, मेस्सी घ्या की, गर्दी होईल. मेस्सीवर बोलणारी माणसं पुष्कळ आहेत. मला बोलायचंय ते मागे उभं राहणाऱ्या माणसावर. गर्दी तर झालेलीच दिसते. (टाळ्या)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाची फसगत नको. गोल होतो तेव्हा तो कुणीतरी घडवलेला असतो. तसाच जो गोल होत नाही, तोही कुणीतरी घडवलेला असतो. पहिल्याला आपण खांद्यावर घेऊन नाचतो. दुसऱ्याचं नावसुद्धा आपल्याला ठाऊक नसतं. ही मला अन्यायाची गोष्ट वाटते, आणि आपलं फुटबॉल जिथं अडलंय त्याचं मोठं कारण इथंच आहे असं माझं ठाम मत आहे. हबासच्या कारकिर्दीत मला याचा पुरावा सापडतो.

ऑफसाइड म्हणजे काय, आयएसएल कधी सुरू झाली, हे कोल्हापुरात सांगत बसणं म्हणजे तुमचा अपमान. ते सोडून देतो.

हबासचा जन्म १९५७चा, स्पेनच्या दक्षिणेला कोर्दोबा प्रांतातल्या पोझोब्लांको गावचा. खेळला बचावफळीत. मुर्सिया, अॅटलेटिको माद्रिद अशा क्लबांकडून खेळला. त्या काळचं स्पॅनिश फुटबॉल आजच्यासारखं नाजूक पासांचं नव्हतं. मैदानात दांडगाई चालायची, आणि बॅकचं काम म्हणजे फॉरवर्डला दिवसभर आठवण राहील असं खेळणं. हबास त्यातला. तो तारा झाला नाही आणि त्याच्या खेळाडूपणावर मी वेळ घालवणार नाही, कारण खरी गोष्ट पुढे सुरू होते, आणि ती सुरू होते थेट बोलिव्हियात.

बोलिव्हियाला १९९४च्या विश्वचषकात नेलं ते शाबिएर आस्करगोर्ता या बास्क प्रशिक्षकानं. हबास त्याच्या हाताखाली तिथं गेला आणि पुढे त्या देशाच्या संघाचा प्रशिक्षक झाला. १९९७ची कोपा अमेरिका बोलिव्हियात झाली. गटात व्हेनेझुएला, पेरू आणि उरुग्वे. बोलिव्हियानं तिन्ही सामने जिंकले आणि तिन्हींत मिळून एकही गोल खाल्ला नाही. मग कोलंबिया, मग मेक्सिको, आणि अंतिम सामन्यात समोर ब्राझील. ७९व्या मिनिटापर्यंत एक-एक अशी बरोबरी होती! शेवटी रोनाल्डोनं गोल केला, मग झे रोबेर्तोनं, आणि ३-१ असा निकाल लागला. बोलिव्हियासारख्या देशाला उपविजेतेपद मिळालं.

(सभागृहातून : उंचीचा फायदा!)

हो, हे कुणीतरी म्हणणारच होतं. ला पाझ समुद्रसपाटीपासून साधारण ३६०० मीटरवर आहे, तिथं पाहुण्यांना धाप लागते. मान्य. पण त्याआधी दोन वर्षं, १९९५ला, कोपा अमेरिका उरुग्वेत होती. तिथं कसला डोंगर? तिथंही हबासचा बोलिव्हिया उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला होता आणि यजमानांकडून २-१ असा हरला. हवा विरळ असली म्हणून मागची फळी आपोआप एका रेषेत उभी राहत नाही. ती उभी करावी लागते, रोज, सरावात, ओरडून ओरडून. (टाळ्या)

नंतर त्यानं स्पेनमध्ये क्लब सांभाळले. २००५मध्ये वलेन्सियानं प्रशिक्षक रानिएरीला काढलं तेव्हा मोसमाचा उरलेला भाग हबासनंच निभावला. पुढे दक्षिण आफ्रिका. हे सगळं मी भराभर सांगतोय, कारण मला २०१४ला पोचायचंय.

२०१४. आयएसएलचा पहिला मोसम. कोलकात्याच्या संघाला अॅटलेटिको माद्रिदची भागीदारी होती आणि प्रशिक्षक म्हणून आला हबास. उपांत्य फेरीत त्यांच्यासमोर एफसी गोवा. गोव्याचा प्रशिक्षक कोण? झिको! ब्राझीलच्या आक्रमणाचा महामेरू. पहिला सामना ०-०. दुसरा सामना मडगावला, फातोर्ड्याच्या मैदानावर.

त्या सामन्याला आम्ही गेलो होतो. हे दोन मिनिटांत सांगतो. पेठेतली आम्ही मंडळी, पहाटे निघालो, फोंडा घाट उतरलो. बरोबर आमचा एक मित्र, जन्मभर सेंटर फॉरवर्ड खेळलेला. त्याचं नाव घेत नाही, आज तो इथंच बसलाय. (हशा) स्टेडियम गच्च भरलेलं, गोवेकरांचे ढोल, शिट्ट्या, सगळं नारिंगी-निळं. गोव्याची मंडळी चेंडू घेऊन चाल करत होती आणि प्रत्येक चालीला अख्खं मैदान उभं राहत होतं. मध्यंतराला आमचा मित्र वैतागून म्हणाला, “हे काय बघायला आणलंस? गोल कुठाय?”

मध्यंतरानंतर मी ठरवलं की चेंडू बघायचा नाही, फक्त कोलकात्याची मागची फळी बघायची. तुम्ही कधी करून बघा, फार अवघड आहे. डोळा चेंडूमागे पळतोच. पण एकदा जमलं की दुसराच खेळ दिसायला लागतो. चेंडू उजव्या बाजूला गेला की चौघंही चार पावलं उजवीकडे. चेंडू मागे गेला की सगळे एकदम पुढे. एकाचा हात सतत वर, कुणाला तरी जागा दाखवतोय. एकजण पुढं गेला की दुसरा न बोलावता त्याच्या जागी येऊन उभा. घाईघाईनं पायात घुसायची वेळच कुणावर येत नव्हती, कारण समोरचा जिथं जाणार तिथं हे आधीच पोचलेले. गोव्याचा फॉरवर्ड चेंडू घ्यायचा, मान वर करायचा आणि त्याला पुढं रस्ताच दिसायचा नाही. मग चेंडू मागं. लोक म्हणायचे, अरे मागं काय देतोस! त्या पोराची काय चूक? पुढं दार बंद होतं.

नव्वद मिनिटं शून्य-शून्य. जादा वेळ शून्य-शून्य. टायब्रेकर. कोलकाता ४-२. आजूबाजूला माणसं रडत होती. परतीच्या वाटेवर घाट चढेपर्यंत मित्राचं एकच पालुपद, “एकशेवीस मिनिटं बसवलंस आणि एक गोल दाखवला नाहीस, पेट्रोलचे पैसे परत दे.” (मोठा हशा) मी त्याला दाजीपूर येईपर्यंत समजावत होतो. राधानगरीला चहाला थांबलो तरी वाद चालूच. चहावाल्यानं विचारलं, कोण जिंकलं? मित्र म्हणाला, कोणीच नाही. मी म्हटलं, बॅक जिंकले. त्याला ते अजून मान्य नाही. (सभागृहात मागून आवाज : नाहीच! हशा)

मान्य नसू दे. पण आता हिशेब ऐका. तीन दिवसांनी, २० डिसेंबरला, नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर अंतिम सामना झाला. समोर केरळा ब्लास्टर्स. भरपाईच्या वेळेत मोहम्मद रफीकनं हेडरवर गोल केला, १-० आणि करंडक. म्हणजे बाद फेरीचे तीन सामने, तीनशे मिनिटं, आणि हबासच्या संघानं एकही गोल खाल्ला नाही. केला किती? एक. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो कुणाचा? रफीकचा. छापायलाच हवा होता. पण त्या तीनशे मिनिटांत मागे जी माणसं उभी होती, त्यातल्या अर्णब मंडलचं नाव तरी इथल्या किती जणांना ठाऊक आहे? हात वर करा. पाच... सहा. फुटबॉलच्या गावात सहा हात!

खासबागेत आपण काय करतो? वरच्या गड्यानं घिस्सा लावला आणि खालच्या मल्लानं तो परतवला, की अख्खं मैदान उठून दाद देतं. कुस्ती सुटली नाही, चीतपट झाली नाही, तरी फेटे उडतात. खाली पडून स्वतःला वाचवणं ही विद्या आहे हे ओळखणारा हा गाव आहे. तोच गाव शाहू स्टेडियमवर गेला की बॅकनं चेंडू काढला तर गप्प बसतो. आणि सराव सुरू झाला की ज्या पोराला ड्रिबल येत नाही, ज्याचा पाय जड आहे, त्याला आपण मागं उभं करतो. मागं उभा करायचा तो उरलासुरला पोरगा, असा आपला हिशेब!

हबासनं काय केलं बघा. २०१९ला तो कोलकात्याला परत आला. मागे तीन बॅक ठेवले, दोन्ही कडांना प्रबीर दास आणि मायकेल सुसैराज. चेंडू समोरच्याकडे असला की मागे पाच, आपल्याकडे आला की तिथूनच थेट पुढे रॉय कृष्णा आणि डेव्हिड विल्यम्सकडे. त्या तिघांत त्यानं सुमित राठी नावाचा अठरा वर्षांचा पोरगा खेळवला, मुझफ्फरनगरचा. त्या वर्षी लीगचा उदयोन्मुख खेळाडू कोण ठरला? हाच राठी, एक बॅक. प्रीतम कोटाल उजव्या कडेचा बॅक, त्याला आत घेऊन स्टॉपर केला. हे प्रशिक्षकाचं काम आहे : कुठला पोरगा विचार करतो ते ओळखून त्याला मागं आणणं.

आणि ‘हबास फक्त अडवतो’ म्हणणाऱ्यांनी त्याच मोसमातली बंगळुरूविरुद्धची उपांत्य फेरी आठवावी. पहिला सामना ०-१ गमावलेला. कोलकात्यानं दुसऱ्या सामन्यात पाचव्याच मिनिटाला आणखी एक गोल खाल्ला. तिथून ३-१. कृष्णा एक, विल्यम्स दोन. त्या लीगमध्ये कृष्णाच्या नावावर पंधरा गोल होते. मागं भरवसा असला की पुढचा माणूस मोकळा होतो, एवढंच मी म्हणतोय. अंतिम सामना १४ मार्च २०२०ला, पुन्हा फातोर्ड्याला. करोनामुळे स्टेडियम रिकामं. चेन्नईयिनला ३-१ हरवलं. आयएसएल दोनदा जिंकणारा तो पहिला प्रशिक्षक.

(सभागृहातून प्रश्न : आणि पिरेसचं प्रकरण?)

विचारलंत ते बरं केलंत, मी टाळणार नव्हतो. २०१४च्या ऑक्टोबरात फातोर्ड्यालाच गोवा-कोलकाता सामन्यात वाद झाला आणि गोव्याचा खेळाडू पिरेस, कोलकात्याचा खेळाडू फिक्रू आणि हबास, तिघांवरही सामनाबंदी आली. हबास तापट आहे. पंचांशी भांडतो, रेषेवर उभा राहून हातवारे करतो. मी त्याचं समर्थन करत नाही आणि इथल्या कुठल्या प्रशिक्षकानं ते उचलावं असंही मला वाटत नाही. पण माणसाचा राग आणि माणसाचं काम यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो. (कुजबुज) नाही, ऐका. राग दिसतो टीव्हीवर. सरावातले तास दिसत नाहीत.

अध्यक्षसाहेबांची चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. मला वाटलं होतं अर्धा तास आहे. तो घाट जरा लांबला. (हशा)

मग मुंबईचं झटपट घेतो, कारण महाराष्ट्रानं या माणसाला सगळ्यात जास्त सतावलंय. २०२०-२१चा सगळा मोसम गोव्यात झाला. हबासचा कोलकात्याचा संघ, म्हणजे आता मोहन बागान, आणि सर्जिओ लोबेराची मुंबई सिटी, दोघांचेही चाळीस गुण. लीगची शील्ड मुंबईनं नेली. अंतिम सामन्यात पुन्हा हेच दोघं, १-१, आणि अगदी शेवटच्या मिनिटाला मागं एक गफलत झाली. बिपिन सिंगनं गोल केला, मुंबई २-१. सगळा मोसम न चुकलेली फळी एका क्षणाला चुकली आणि लोकांना तोच क्षण लक्षात राहिला. बॅकचं नशीब हेच. पुढच्या मोसमात मुंबईनं ५-१ असा चोप दिला आणि त्याच महिन्यात हबास गेला.

पण २०२४च्या जानेवारीत मोहन बागाननं त्यालाच परत बोलावलं. वय सहासष्ट. मध्ये आजारी पडला, काही सामने मैदानावर येऊ शकला नाही. १५ एप्रिलला सॉल्ट लेक स्टेडियमवर समोर मुंबईच, जिंकणाऱ्याला शील्ड. लिस्टन कुलासो, आपला गोव्याचा, त्यानं पहिला गोल केला. २-१ जिंकले. मोहन बागानची ती पहिली शील्ड. अंतिम सामना मात्र मुंबईनंच ३-१ नेला. मग हा माणूस निवृत्त व्हायचं सोडून कुठं गेला? वाराणसीला, इंटर काशीकडे, दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये! तिथलं विजेतेपद आधी गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला दिलं गेलं होतं. स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादानं जुलै २०२५मध्ये ते इंटर काशीचं ठरवलं.

आता एकच प्रश्न उरतो, तो पहिल्या रांगेतल्या पोरानं मघाशी चिठ्ठीवर लिहून पाठवलाय : हबास पुण्यात का चालला नाही? २०१६ला तो एफसी पुणे सिटीचा प्रशिक्षक होता. त्याआधीच्या वर्षी, चेन्नईतल्या पुरामुळे उपांत्य सामना बालेवाडीला हलवला होता, तेव्हा तिथंच कोलकात्यानं ०-३ मार खाल्ला होता. म्हणजे बालेवाडीनं त्याला आधीच दणका दिला होता. पुण्यात मोसमाच्या सुरुवातीला तो बंदीमुळे गॅलरीत बसलेला. मोठा खेळाडू म्हणून घेतलेला गुड्योन्सन मोसमाआधीच जायबंदी, त्याच्या जागी सिसोको आला. आणि तेव्हाची आयएसएल अडीच महिन्यांत संपायची. फॉरवर्ड पहिल्याच सामन्यात गोल करू शकतो. मागची फळी एकमेकांची चाल ओळखायला लागते ती महिन्यामहिन्यांनी, आणि तिला घडवणारा सुरुवातीला रेषेवर नसेल तर आणखी उशिरा. २०१९ला पुणे सिटी हा संघच बंद पडला. त्याची जागा हैदराबादला गेली आणि महाराष्ट्राला पुण्याची ही फळी पुरती उभी राहिलेली बघायला मिळाली नाही.

इथल्या तालमींच्या संघांना माझी विनंती आहे. येत्या मोसमात सरावाला पोरं येतील तेव्हा सगळ्यात हुशार पोरगा शोधा आणि त्याला स्टॉपरला खेळवा. त्याच्या आईवडिलांना आणि त्याला समजवायला मला बोलवा, मी येईन. आणि मित्रा, पेट्रोलचे पैसे मिळणार नाहीत. (हशा, टाळ्या)

अध्यक्षसाहेब, वेळ संपली. बसतो.