शस्त्र, औषध आणि त्यानंतरचे वर्ष



ज्या व्याधीत चेहरा चंद्राकार होतो, हातपाय कृश होत असता धड मात्र स्थूल होत जाते, पोटावर जांभळे पट्टे उमटतात आणि रक्तदाब, मधुमेह व हाडांची ठिसूळता एकाच देहात ठाण मांडून बसतात, तिचे मूळ पीयूषिका ग्रंथीतील लहानशा अर्बुदात असू शकते, हे हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली साधार मांडले, तेव्हा तिच्यावर भरवशाचा इलाज जवळजवळ नव्हताच. पुढे दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढून टाकण्याचा मार्ग पत्करला गेला. परंतु त्या ग्रंथींवाचून मनुष्य जगत नसल्यामुळे, १९५०च्या सुमारास कॉर्टिसोन हाती येईपर्यंत त्यात जिवाचीच जोखीम होती, आणि तदनंतरही पीयूषिकेतले मूळ अर्बुद तसेच राहून काही रोग्यांत ते झपाट्याने वाढते, हे नेल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये दाखवून दिले.

खरे स्थित्यंतर घडविले ते मॉन्ट्रियलच्या ज्यूल्स हार्डी यांनी. नाकावाटे जतूकास्थी ओलांडून, सूक्ष्मदर्शकाच्या प्रकाशात, निरोगी ग्रंथी राखून केवळ अर्बुद वेचून काढण्याची त्यांची रीत आज पीयूषिकाजन्य विकारात प्रथम उपचार म्हणून सर्वमान्य आहे. अर्बुद लहान असले आणि हात सरावाचा असला तर बहुसंख्य रोगी व्याधिमुक्त होतात. ‘सरावाचा’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो. वर्षाकाठी अशा एखाददुसऱ्याच शस्त्रक्रिया करणाऱ्याने रोग्यास अनुभवी केंद्राकडे धाडावे, यात कमीपणा मुळीच नाही.

औषधांविषयी थोडक्यात सांगतो. मूळचे बुरशीनाशक असलेले कीटोकोनॅझोल, या व्याधीत अधिवृक्क ग्रंथींतून अतोनात स्रवणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाची निर्मिती रोखते, पण यकृतावर सतत नजर ठेवावी लागते. मेटिरापोन व अमेरिकेत २०२० साली मान्यता पावलेले ऑसिलोड्रोस्टॅट निर्मितीची अखेरची पायरी अडवितात. पॅसिरिओटाइड अर्बुदावरच अंमल करते, परंतु रक्तशर्करा वाढविते. आणि मिफेप्रिस्टोन कॉर्टिसॉलचा परिणाम थोपविते, त्याचे प्रमाण नव्हे, म्हणून तेथे रक्तातील आकड्यावर विसंबणारा वैद्य हमखास फसतो. अत्यवस्थ रोग्यास शस्त्रक्रियेयोग्य करण्यासाठी, शस्त्रक्रिया अपुरी ठरल्यास, अथवा किरणोपचाराचा गुण येईपर्यंतची मुदत निभावून नेण्यासाठी ही औषधे अमोल आहेत. परंतु ती बंद होताच विकार बहुधा पुन्हा डोके वर काढतो, हे रोग्यास आरंभीच सांगितले पाहिजे. बाहेरून घेतलेल्या स्टेरॉइडनेही हीच लक्षणे उमटतात, म्हणून अर्बुदाचा शोध घेण्यापूर्वी रोगी कोणाकडून स्टेरॉइडच्या गोळ्या, पुड्या वा मलमे घेत आला आहे काय, याची कसून चौकशी करण्यात हयगय होऊ नये, हेही येथेच नमूद करतो.

आता ज्यासाठी मी मुख्यत्वे उभा आहे ते बोलतो. शस्त्रक्रिया यशस्वी झाली याची खूण म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कॉर्टिसॉल अगदी तळाला जाणे. कारण इतकी वर्षे दबून राहिलेल्या निरोगी पेशी जाग्या होण्यास अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. या अवधीत कॉर्टिसॉलची उणीव भरून काढण्यासाठी हायड्रोकॉर्टिसोन देत असूनही सांधे दुखतात, कातडीची साल निघते, अन्नावरची वासना उडते, मन खिन्न होते. आणि ज्याला आपण बरा झाला म्हणून घरी पाठविले तो रोगी शस्त्रक्रियेनेच आपला घात केला असे मानू लागतो. मेंदूच्या तळाशी होणाऱ्या छेदनाची कैफियत आपण त्याला तासभर ऐकवितो, आणि या दीर्घ कृच्छ्राबद्दल दोन वाक्येही बोलत नाही, ही आपल्या व्यवसायातील मोठी उणीव आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ताप आल्यास हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळीचे प्रमाण दुप्पट करावे, वांत्यांमुळे गोळी टिकत नसेल तर विलंब न लावता इंजेक्शन घ्यावे, औषध एकाएकी थांबवू नये, एवढी माहिती नसल्याने प्राण जाऊ शकतो.

म्हणून आपल्या परिषदेच्या कार्यकारिणीपुढे माझा असा प्रस्ताव आहे की, या सूचना, रोग्याचे औषध व उपचार करणाऱ्या वैद्याचा दूरध्वनी क्रमांक यांचा तपशील असलेले मराठी ओळखपत्र परिषदेने छापवून घ्यावे, ते प्रत्येक शल्यचिकित्सा विभागास विनामूल्य पुरवावे, आणि रोग्यास रुग्णालयातून निरोप देण्यापूर्वी ते त्याच्या घरच्या माणसांकडून मोठ्याने वाचवून घेण्याचा परिपाठ घालावा. मसुदा मी सोबत आणला आहे. दुपारच्या सत्रात त्यावर सविस्तर चर्चा व्हावी.