करंजाचे तेल आणि पॉवरगुडा



गुडीहत्नूरला राष्ट्रीय महामार्ग सोडून पूर्वेकडे वळले की इंद्रवेल्ली, उटनूर आणि पुढे जैनूर लागते. जैनूर मंडलातील पॉवरगुडा या छोट्या गोंड वस्तीने २००३ साली जागतिक बँकेला एक विलक्षण माल विकला. हवेत न सोडलेला १४७ टन कार्बन डायऑक्साइड! किंमत आली ६४५ डॉलर.

या व्यवहाराचे मूळ करंजाच्या बीमध्ये होते. ओढ्याकाठचे हे झाड आपल्या परिचयाचे; तेलुगूत त्यास कानुगा म्हणतात. तेल कडू, खाण्यास निरुपयोगी. पूर्वी ते दिव्यात जाई किंवा खरजेवर लावीत. वस्तीतील बचतगटाच्या स्त्रियांनी २००२ साली करंजाची ४,५०० रोपे लावली आणि तेलघाणी चालविली. दहा वर्षांत या तेलाने ५१ टन डिझेल वाचेल, असा हिशेब मांडून हा सौदा झाला. डिझेल जाळले की भूगर्भातील कार्बन हवेत येतो. करंजतेलातील कार्बन मात्र झाडाने हवेतूनच घेतलेला असतो.

सुमारे चार किलो बियांतून किलोभर तेल निघते. उरलेली पेंड शेताला खत म्हणून उपयोगी पडते. तेल दाट असल्याने ते तसेच वापरल्यास इंजिनात काजळी धरते. म्हणून त्याची आम्लता आधी कमी करावी लागते, नाहीतर इंधनाऐवजी साबण हाती येतो! मग मिथेनॉल व कॉस्टिक सोडा घालून तापविले की ग्लिसरीन तळाशी बसते आणि वर पातळ जैवडिझेल राहते.

रसायन इतकेच. अवघड प्रश्न मालकीचा आहे. पुढे देशभर मोगली एरंडाचा मोठा गाजावाजा झाला. २००९ च्या धोरणाने २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठेवले, ते जैवडिझेलच्या बाबतीत कागदावरच राहिले. बियांचा भाव वेचणाऱ्याला परवडणारा नसेल तर झाडे लावून काय उपयोग? पॉवरगुड्यात रोपे लावणारे हात आणि घाणी चालविणारे हात एकच होते.

२०१८ पासून तळणीच्या जळक्या तेलाचेही जैवडिझेल करण्याची मोहीम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हाती घेतली आहे. तेलातील ध्रुवीय घटक पंचवीस टक्क्यांवर गेले की ते पुन्हा तळणास वापरता येत नाही. महामार्गावरील ढाबेवाल्याला त्या तेलाचा भाव कोण आणि किती देणार, यावर ते इंधनाच्या टाकीत जाईल की पुन्हा भज्यांच्या कढईत, हे ठरेल.