मुलांचा दम आणि त्याचे मोजमाप



फुटबॉलच्या मैदानावर ‘याला दम आहे, त्याला नाही’ हा शेरा आपण फार लवकर मारतो. दम मोजता येतो. परंतु मोजून आलेल्या आकड्याचा अर्थ लावणे अधिक अवघड, आणि मला बोलायचे आहे ते त्याविषयीच.

अमेरिकेच्या हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ साली १२ मिनिटांच्या धावेची चाचणी मांडली. बारा मिनिटांत किती अंतर कापले, एवढेच पाहायचे. सोपी आणि बिनखर्ची! पण फुटबॉलमध्ये सलग एका चालीने कोण धावतो? खेळाडू थांबतो, वळतो, पुन्हा मुसंडी मारतो. म्हणून डेन्मार्कचे येन्स बँग्सबो यांनी १९९० च्या दशकात यो-यो चाचणी बसवली. २० मीटर अंतरावर दोन खुणा. ध्वनिफितीच्या इशाऱ्याबरोबर जाऊन परत यायचे, मग १० सेकंदांचा विसावा. वेग वाढत जातो. दुसऱ्यांदा इशारा हुकला की चाचणी संपली.

आता आपला आठवीचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. एकाला मिसरूड फुटलेले, शेजाऱ्याचा आवाजही अजून फुटलेला नाही. मुलांची उंची साधारणतः चौदाव्या वर्षाच्या सुमारास झपाट्याने वाढते, मुलींची बाराव्या. कोणाची त्याआधी, कोणाची बरीच नंतर. हृदय आणि फुप्फुसेही त्याच सुमारास वाढतात. जन्मसाल एकच, शरीरे मात्र निरनिराळ्या टप्प्यांवरची. अशा मुलांची एकच यादी करून तळाच्या मुलास संघातून वगळणे म्हणजे उशिरा वाढ होण्याबद्दल त्याला दंड करणे होय. असा मुलगा पुष्कळदा मैदानावर पुन्हा फिरकतच नाही.

तेव्हा शिक्षकांना माझी विनंती आहे की, वहीत प्रत्येकाला स्वतंत्र पान द्यावे. आकड्याशेजारी त्या दिवशीची उंची लिहावी आणि तीन-चार महिन्यांनी त्याच मैदानावर, त्याच वेळी पुन्हा चाचणी घ्यावी. तुलना करावी ती त्याच मुलाच्या मागील आकड्याशी. पावसाने निसरड्या झालेल्या मैदानावरचा आकडा तर धरूच नये.

पालकहो, ताप नुकताच उतरलेल्या मुलाला चाचणीस पाठवू नका. धावताना छातीत दुखते किंवा भोवळ येते असे तो म्हणाला, तर ते बहाणा समजू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.