गोड्या पाण्यांतील शिंपला

कैऱ्या सोलण्यासाठीं पाठीला भोक पाडलेला शिंपला आपल्यापैकीं पुष्कळांच्या स्वयंपाकघरांत असे. शिंपला म्हटला म्हणजे आपणांस समुद्र आठवतो. परंतु नद्यांतहि शिंपले असतात. आमच्या येवल्याच्या दक्षिणेस कोपरगांवीं गोदावरी वाहते, आणि पश्चिमेस, त्याच नदीवर, नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. त्या जलाशयाला रामसर यादींत स्थान मिळालें, तें मुख्यतः पक्ष्यांमुळें. लोक तेथें दुर्बिणी घेऊन जातात. पायाखालच्या गाळाकडे सहसा कोणी पाहत नाहीं!

शिंपल्याचा उद्योग म्हणजे पाणी गाळणें. पाणी आंत ओढून घ्यावें, त्यांतील सूक्ष्म कण कल्ल्यांनीं टिपावे व निवळलेलें पाणी बाहेर सोडावें. त्याचें बालपण मात्र चमत्कारिक आहे. मादी आपल्या कल्ल्यांत अंडीं उबवून पिलें पाण्यांत सोडते. तीं माशाच्या कल्ल्यांस वा परांस चिकटतात, कांहीं काळ त्याच्या अंगावर वाढतात व मग वाळूंत गळून पडतात. ज्या पिलास योग्य मासा भेटला नाहीं, तें मेलेंच म्हणून समजावें.

येथेंच खरी मेख आहे. बंधाऱ्यानें माशांची वाट अडली, किंवा वाळू उपसून नेली, तरी मोठे शिंपले लगेच मरत नाहींत. युरोपांतील मोत्याचा शिंपला शंभर वर्षांहून अधिक जगतो. तेथील कित्येक नद्यांत आज केवळ वृद्धच उरले आहेत. नदी भरलेली दिसते, आणि घरांत पाळणा हललेला नसतो.

आपल्या द्वीपकल्पांतील सर्वांत विलक्षण शिंपला कर्नाटकांतील तुंगा-भद्रेच्या, म्हणजे कृष्णेच्याच परिवारांत सांपडतो. एडगर स्मिथ यांनीं १८९८ सालीं त्याचें वर्णन केलें. शास्त्रीय नांव स्यूडोमुलेरिया डॅलयी. बाळपणीं हा मोकळा हिंडतो. पुढें वाहत्या पाण्यांतील खडकाला एक शिंप चुनेगच्चीसारखी कायमची चिकटवून बसतो. असा शिंपला दक्षिण अमेरिकेंतहि आहे, म्हणून दोघे सख्खे भाऊबंद ठरविले गेले होते. २००० सालीं त्यांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना झाली तेव्हां आपला हा शिंपला आपल्याच गाळांतील साध्या शिंपल्यांच्या गोत्रांतला निघाला. केवळ बैठकीवरून नातें जुळवूं नये, हें शिक्षकास विशेष आवडलें.

जगांत अन्यत्र हा शिंपला नाहीं. धरणानें प्रवाह थांबला आणि खडकावर गाळ बसला, तर साधा शिंपला निदान पाय काढून सरकतो. याला जागचें हलतां येत नाहीं. पुन्हां त्याच्या पिलांनाहि मासा हवाच. शृंगेरीस तुंगेच्या घाटाजवळ मासे धरीत नाहींत. यात्रेकरू त्यांना चुरमुरे घालतात. असे घाट आपल्याकडेहि आहेत. मासेमारीस बंदी असलेल्या अशा डोहांच्या तळाशीं कोणते शिंपले आहेत, त्यांत कोवळे किती व जुने किती, एवढी मोजदाद उन्हाळ्यांत पाणी उतरल्यावर शाळेंतील मुलेंहि करूं शकतील. मोजलेला शिंपला जिवंतपणींच, होता तेथें परत ठेवावा.