रिकामा कोठा आणि पाहुण्यांची खोली



ट्रॅक्टर आले आणि बैलजोड्या कमी झाल्या. अचलपूर-परतवाड्याकडे पाहा की अकोटकडे, कितीतरी घरचे कोठे रिकामे पडले आहेत. आत कुटार, पऱ्हाट्या आणि मोडकी तिफण. पण सागवानी खांब अजून शाबूत. चिखलदऱ्याला नाहीतर नरनाळा किल्ल्याला निघालेले शहरातले लोक अशा जागी एक रात्र राहायला पैसे देतात. तिकडे विलायतेत, वेल्सच्या डोंगराळ मुलखात, शेतकऱ्यांनी जुनी दगडी कोठारं अशीच पाहुण्यांसाठी नीट केली आहेत. मग आपल्या कोठ्यानं काय घोडं मारलं?

आधी जमीन पाहा. वर्षानुवर्षं जनावरांचं मूत मुरलेलं असतं. नुसती फरशी टाकली तर पावसाळ्यात वास वर येतोच. कोरडी माती लागेपर्यंत खोदावं, मुरूम भरून चोपावा. भिंतीला लोणा असेल तर त्यावर सिमेंट टिकत नाही, फुगून पडतं. खरवडून चुन्याचा गिलावा करावा. कवेलू फेरून घ्यावेत. गव्हाण मात्र मोडू नये, वर फळी टाकली की सामान ठेवायला ओटा होतो. पैसा खर्च करायचाच तर संडास-न्हाणीवर करा. शोभेच्या दिव्यांवाचून पाहुण्याचं अडत नाही, आणि रोडगे, वांग्याची भाजी, ठेचा असल्यावर हॉटेलचं जेवण कोणी मागत नाही.

आता खरी गोष्ट. चिखलदऱ्याला गर्दी होते ती पावसाळ्यात, म्हणजे आपल्या निंदणाच्या दिवसांत. मेळघाटचं जंगल पाहायला लोक येतात हिवाळ्यात, तेव्हा कापूस वेचायचा असतो. दोन्ही वेळा पाहुण्यांच्या चादरी कोण धुणार, भाकरी कोण थापणार? घरातले म्हणतील, "तुम्ही तर रोजच करता." म्हणून आमच्या गटात आम्ही धरून बसलो आहोत: निंदणाला बाई लावली तर जशी मजुरी देतो, तशीच स्वयंपाकाची आणि धुण्याची मजुरी आधी बाजूला काढायची. उरेल तो नफा. काही उरलंच नाही, तर कोठ्यात कुटारच बरं.

आणि कागद. राज्य सरकारचं 2023 सालचं 'आई' पर्यटन धोरण आहे. त्यात पर्यटनाच्या धंद्यासाठी बाईनं घेतलेल्या 15 लाखांपर्यंतच्या बँक कर्जाचं व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळतं. पण धंदा बाईच्या मालकीचा लागतो. 2020 च्या कृषी पर्यटन धोरणात शेतावर पाहुणे ठेवायची नोंदणी होते. कर्ज आपल्या नावावर आणि कोठा सासऱ्याच्या नावावर, असं झालं तर हप्ते आपण फेडू आणि पुढे वाटणीत खोली दिराकडे जाईल. असं होतं, बायांनो, तुम्हालाही माहीत आहे.

कोठा गावठाणात असेल तर त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर असते, शेतात असेल तर सातबारा पाहावा लागतो. घर नवऱ्याच्या नावावर असेल तर नमुना आठवर बायकोचं नावही लावता येतं. सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवायला 'लक्ष्मी मुक्ती' योजना आहे. जागा सासऱ्यांची असेल तर आधी त्यांच्याशीच बोलावं लागेल, आणि ते बोलणं लेखी झालेलं बरं.

येत्या बैठकीला प्रत्येकीनं आपापला नमुना आठचा उतारा घेऊन या. ग्रामपंचायतीत मागितला की मिळतो. पैसे भरल्याची पावती मात्र मागून घ्या.