वांझ म्हणण्याआधी वजन करा

आमच्या बचत गटातल्या सातजणींकडे मेंढरं आहेत. गेल्या उन्हाळ्यात चारा महागला, म्हणून आम्ही मादी कोकरांना बाभळीच्या शेंगा आणि पाल्यावरच ठेवलं. खाद्य फुकटचं, कर्जाचा हप्ता निघेल, असा हिशेब. पाऊस पडला, मोठ्या मेंढ्या माजावर आल्या. कोकरं वर्षाची होऊनही आली नाहीत. "वांझ आहेत, विकून टाका," घरोघरी हेच ऐकलं. दोघींनी तीन कोकरं विकलीसुद्धा.

मग आम्ही पशुवैद्यकांना विचारलं. बाभूळ तुरट लागते ती टॅनिनमुळे. तिच्या सालीनं कातडं कमावतात, तेही टॅनिनमुळेच. हे टॅनिन प्रथिनांना घट्ट धरून ठेवतं. ते जास्त झालं की खाल्लेलं अंगी लागत नाही, भूकही मंदावते. मेंदूच्या तळाशी एक लहान ग्रंथी असते. तिच्यातून सुटणारं संप्रेरक अंडाशयाला जागं करतं. पोषण कमी पडलं की ते वरचेवर सुटत नाही, बीज पिकत नाही, माज येत नाही. आमची कोकरं वांझ नव्हती, उपाशी होती.

पण टॅनिन म्हणजे विष नव्हे. 100 किलो सुक्या चाऱ्यात साधारण 2 ते 4 किलो असेल तर प्रथिनं पोटात वाया जात नाहीत, जंतही कमी होतात. न्यूझीलंडमध्ये मध्यम टॅनिनच्या लोटस चाऱ्यावर चरणाऱ्या मेंढ्यांत जास्त बीजं सुटलेली संशोधकांना दिसली. सारा खेळ प्रमाणाचा.

म्हणून आता आम्ही असं करतो. शेंगा एकट्या देत नाही. कडबा, हिरवा चारा आणि मूठभर शेंगदाणा पेंड सोबत असते. शेंगा थोड्या थोड्या वाढवतो, पाणी भरपूर ठेवतो. कोकरू चारा सोडू लागलं, लेंड्या कडक झाल्या, की शेंगा बंद. आणि दर महिन्याला वजन करतो. मोठी मेंढी 30 किलोची असेल, तर कोकरू 20 किलोच्या आसपास येईपर्यंत माजाची घाई नाही.

उरलेली बहुतेक कोकरं दिवाळीनंतर माजावर आली. विकलेली तीन मात्र गेली ती गेलीच. वांझ हा शब्द किती सहज तोंडात येतो, ते आपल्याइतकं कोणाला ठाऊक! तो उच्चारण्याआधी गव्हाणीत काय आहे ते बघूया.