प्रोसेसरचा वेग वाढवण्याआधी

उंबरमाळी, शहापूर, मुरबाड परिसरात नवा संगणक घेऊ पाहणाऱ्या तरुणांसाठी आजची माहिती. नव्या संगणकातल्या प्रोसेसरचा वेग आपल्या हाताने वाढवावा का? यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

इंटेलच्या ज्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या नावात आकड्यांनंतर ‘के’ हे अक्षर येतं, त्यांत ही मुभा असते. एएमडीच्या बहुतेक डेस्कटॉप रायझन प्रोसेसरमध्येही असते. मात्र मदरबोर्डही ही मुभा देणारा लागतो.

आता गणित पाहा. प्रोसेसरचा वीजवापर वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही 10 टक्क्यांनी वाढवले, तर वापर सुमारे 33 टक्क्यांनी चढतो आणि ती सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. वैशाखात खोलीच तापलेली असते, तेव्हा ही उष्णता काढणं प्रोसेसरच्या पंख्याला जड जातं. शिवाय आजचे प्रोसेसर तापमान पाहून स्वतःच वेग वाढवतात. हाताने मिळणारा फायदा थोडाच उरतो.

म्हणून मित्रांनो, जास्तीचे पैसे आधी चांगला कूलर, दर्जेदार पॉवर सप्लाय आणि यूपीएसवर खर्च करा. वॉरंटीच्या अटी वाचल्याशिवाय सेटिंगला हात लावू नका.